हात ओळखणारा डोळा

बर्लिनच्या प्राचीन कलेच्या संग्रहालयात झाकण असलेला मातीचा एक उंच घडा आहे. इ.स.पू. ४९० च्या सुमारास अथेन्समध्ये तो घडला, समुद्र ओलांडून इटलीत गेला आणि वुल्ची इथल्या एट्रुस्कन थडग्यात दोन हजारांहून अधिक वर्षे पडून राहिला. घड्याचे सगळे अंग काळेभोर आहे. त्या काळोखातून तीन आकृती पुढे येतात: देवांचा दूत हर्मीस, हातात तंतुवाद्य धरलेला घोड्याच्या शेपटीचा सॅटर आणि दोघांच्या मध्ये मान वर केलेले हरणाचे पाडस. चित्राला चौकट नाही. पायांखाली नक्षीची एक अरुंद पट्टी आहे, तेवढीच त्यांची जमीन. तिघांच्या बाह्यरेषा एकमेकींना ओलांडून जातात, तरी कुठेही गुंता होत नाही.

हे चित्र कोणी काढले? घड्यावर सही नाही. कोणत्याही ग्रीक ग्रंथात या माणसाचा उल्लेख नाही. तरीही आज जगातला प्रत्येक अभ्यासक त्याला ‘बर्लिन चित्रकार’ या नावाने ओळखतो. त्याच्या हातची सुमारे तीनशे भांडी वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहालयांत आहेत, आणि २०१७ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या कलासंग्रहालयाने केवळ त्याच्यावर एक मोठे प्रदर्शन भरवले. ज्याचे खरे नाव कोणाला माहीत नाही अशा कारागिराला ही ओळख मिळाली ती जॉन डेव्हिडसन बीझली या अभ्यासकामुळे. १९११ मध्ये, पंचविशीत असताना, त्यांनी या घड्याच्या चित्रकारावर एक लेख लिहिला आणि विखुरलेली अनेक भांडी त्याच एका हाताची आहेत असे दाखवले. पुढची जवळजवळ साठ वर्षे ते हेच काम करत राहिले.

बीझलींचा जन्म १८८५ मध्ये ग्लासगोला झाला. ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजात ते शिकले, मग तिथल्याच क्राइस्ट चर्च कॉलेजात शिकवू लागले, आणि १९२५ ते १९५६ अशी एकतीस वर्षे ऑक्सफर्डमध्ये अभिजात पुरातत्त्वाचे प्राध्यापक होते. पहिल्या महायुद्धात नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात केलेले काम सोडले तर बाहेरून पाहणाऱ्याला त्यांच्या आयुष्यात फारसे काही घडलेले दिसत नाही. पुरातत्त्वज्ञ म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो उन्हात कुदळ-फावडी घेऊन उभा असलेला माणूस. बीझलींची कीर्ती उत्खननाची नाही. त्यांचे उत्खनन झाले संग्रहालयांच्या कपाटांत आणि तळघरांतल्या खापरांच्या पेट्यांत.

त्यांच्यासमोरचा प्रश्न समजण्यासाठी आधी अथेन्सच्या कुंभारवाड्यात जावे लागते. त्या वस्तीचे नाव केरामेइकोस. ‘सिरॅमिक’ या शब्दाशी त्याचे सख्खे नाते आहे. अथेन्सच्या परिसरातली माती लोहयुक्त, म्हणून भाजल्यावर तिला सुरेख नारिंगी-तांबडा रंग येतो. काळा रंग मात्र वेगळा आणलेला नसे. तीच माती पाण्यात कालवून, जड कण खाली बसू देऊन, वर राहिलेल्या अगदी बारीक कणांची दाट निवळी करत आणि तिने रंगवत. खरी करामत भट्टीची होती. आधी हवा खेळती ठेवून भाजायचे, म्हणजे सगळे भांडे तांबडे होते. मग झरोके बंद करून आत ओले सरपण टाकायचे. हवा कोंडली की नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपासच्या धगीत सगळे काळे पडते आणि निवळीचा थर काचेसारखा घट्ट बसतो. शेवटी पुन्हा झरोके उघडायचे. उघडी माती परत तांबडी होते. घट्ट बसलेल्या थरात मात्र हवा शिरत नाही, म्हणून तो काळाच राहतो. एकाच मातीचे दोन रंग, तेही एकाच भाजणीत!

सुरुवातीला चित्रकार काळ्या आकृती काढून त्यांतले बारकावे टोकदार हत्याराने कोरत. इ.स.पू. ५२५ च्या सुमारास कोणीतरी ही रीत उलटी केली: पार्श्वभूमी काळी भरली आणि आकृती मातीच्या मूळ तांबड्या रंगात मोकळ्या सोडल्या. आता आतले बारकावे कोरायची गरज उरली नाही, ते रेषेने काढता येऊ लागले. स्नायू, पापणी, वस्त्राची चुणी असे सगळे काही एका सलग, किंचित उठावदार रेषेत येऊ लागले. आणि रेषा आली की तिच्यामागचा हातही आला.

यातल्या काही भांड्यांवर सह्या आहेत. ‘अमक्याने घडवले’, ‘अमक्याने रंगवले’ अशा ग्रीक शब्दांत एक्झेकिआस, युफ्रोनिओस, दूरिस अशी नावे आपल्यापर्यंत पोचली. पण सही असलेली भांडी फार थोडी. हजारो भांडी निनावी आहेत. शिवाय सहीतून सगळे कळतेच असे नाही. आपल्याकडे पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती साच्यातून काढणारा एक असतो आणि डोळ्यांची आखणी करणारा दुसरा. अथेन्सच्या कुंभारवाड्यातही पुष्कळदा चाकावरचा हात आणि कुंचल्याचा हात वेगळा असे. ‘घडवले’ म्हणून ज्याचे नाव आहे तो कुंभार की कारखान्याचा मालक, यावर आजही एकमत नाही. म्हणून सहीच्या पलीकडे जाऊन हातच ओळखायचा, हे बीझलींनी ठरवले.

हात ओळखणे म्हणजे काय, ते मराठी माणसाला वेगळे समजावून सांगायला नको. रेडिओ लावावा, निवेदन ऐकायचे राहून गेलेले असावे, आणि आलापाच्या पहिल्या दोन मिनिटांतच ‘या किशोरीताई’ असे तोंडून निघावे. राग अनेकांनी गायलेला असतो, बंदिशही तीच असते. पण स्वर कसा लावला, मींड कुठून उचलली, सम घेण्याआधी किती थांबले, या खुणा गाणाऱ्याच्याच असतात. त्यांतल्या काही तो जाणून करतो, बऱ्याच त्याच्या नकळत होतात.

या नकळत होणाऱ्या खुणांवर बोट ठेवले ते जोव्हानी मोरेल्ली या एकोणिसाव्या शतकातल्या इटालियन कलापारख्याने. मोरेल्ली मुळात वैद्यकशास्त्र शिकलेले. रेनेसांस काळातली चित्रे पाहताना ते म्हणत की, चेहरा आणि एकूण मांडणी यांवरून फसगत होते, कारण शिष्य आणि नक्कल करणारे नेमके तेच उचलतात. पाहायचे ते कानाची पाळी, नखे, बोटांची पेरे. तिथे चित्रकाराचे लक्ष नसते, म्हणून तिथे त्याची सवय उतरते. बीझलींच्या आधी जर्मनीतल्या आडोल्फ फुर्टव्हेंगलर आणि पाउल हार्टविग यांच्यासारख्या अभ्यासकांनी ग्रीक भांड्यांवरच्या चित्रकारांची गटवारी सुरू केली होती. पण त्यांचा भर प्रामुख्याने सही असलेल्या नावांभोवती होता. निनावी भांड्यांचा सगळा अफाट ढीग अंगावर घेतला तो बीझलींनी.

ते भांड्यासमोर बसत आणि पातळ कागदावर पेन्सिलीने रेषा उतरवून घेत. घोट्याचे हाड कसे दाखवले आहे, गळ्याची हाडे कुठे मिळतात, गुडघ्याची वाटी किती रेषांत संपते, वस्त्राचा काठ कसा दुमडतो, पायांखालच्या नक्षीत चौकटी कोणत्या क्रमाने येतात, हे सगळे ते स्वतःच्या हाताने गिरवत. गिरवल्याशिवाय डोळ्याला खरे कळत नाही, हा त्यामागचा अनुभव होता. त्यांच्या पत्नी मारी भांड्यांची छायाचित्रे काढायला शिकल्या आणि देशोदेशीच्या संग्रहालयांत त्यांच्यासोबत फिरल्या. संगणक नसलेल्या त्या काळात बीझलींनी नोंदी, रेखाटने आणि छायाचित्रे यांचा एवढा मोठा साठा जमवला की एखाद्या संग्रहालयातल्या तळहाताएवढ्या खापराची कड दुसऱ्या देशातल्या फुटक्या प्याल्याशी जुळते, हे ते ओळखू शकत. फ्लॉरेन्समधल्या खापरांवर १९३३ मध्ये त्यांनी एक आख्खे पुस्तक लिहिले. एकाच संग्रहातून फुटून वेगवेगळ्या शहरांत गेलेले तुकडे त्यात त्यांनी कागदावर पुन्हा एकत्र आणले.

हात ओळखला की त्याला हाक मारायला नाव हवे. सही नसेल तर बीझली नाव देत: एखाद्या प्रसिद्ध भांड्याच्या गावावरून, चित्राच्या विषयावरून किंवा ज्या कुंभाराची भांडी त्या हाताने रंगवली त्या कुंभारावरून. बॉस्टनमधल्या एका भांड्यावर मेंढपाळामागे धावणारा पॅन देव आहे. त्याचा कर्ता झाला ‘पॅन चित्रकार’. व्हॅटिकनमधल्या घड्यावर भाला घेऊन उभा असलेला अकिलीस आहे. त्याचा कर्ता ‘अकिलीस चित्रकार’. क्लिओफ्रादीस नावाच्या कुंभाराचा प्याला ज्याने रंगवला तो ‘क्लिओफ्रादीस चित्रकार’. नेपल्समध्ये असलेल्या त्याच्या पाण्याच्या घागरीवर ट्रॉय पडल्याच्या रात्रीचे चित्र आहे. म्हातारा राजा प्रायम वेदीवर बसला आहे, मांडीवर नातवाचे प्रेत आहे आणि दोन्ही हात त्याने डोक्यावर धरले आहेत. युद्धात हरलेल्यांचे दुःख इतक्या जवळून पाहणारा माणूस ‘निनावी’ या एका शब्दाखाली गाडला गेला असता. आता त्याची इतर भांडीही शेजारी ठेवून पाहता येतात, आणि तो कसा वाढला, कसा बदलला ते समजते.

बीझलींचे मुख्य लेखन पाहून नवखा वाचक चकित होतो, कारण ते बहुतांशी याद्यांचे आहे. तांबड्या आकृतींच्या भांड्यांची यादी आधी १९२५ मध्ये जर्मन भाषेत आली, १९४२ मध्ये ती इंग्रजीत वाढून आली आणि १९६३ मध्ये तीन खंडांत, दीड हजारांहून अधिक पानांची झाली. काळ्या आकृतींच्या चित्रकारांचा ग्रंथ १९५६ चा. पुरवणीचा ‘पॅरालिपोमेना’ हा ग्रंथ, म्हणजे ‘मागे राहून गेलेले’, १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला; त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्यात बीझली गेले होते. या ग्रंथांत शेकडो चित्रकार आणि गट आहेत, आणि त्यांच्या नावांखाली हजारो भांडी आहेत. प्रत्येक भांडे कुठे आहे, त्याचा आकार कोणता, विषय कोणता, यांच्या आटोपशीर ओळी.

या याद्या कोरड्या वाटतात, पण प्रत्येक ओळ म्हणजे एक विधान आहे. या भांड्याचा आणि त्या भांड्याचा हात एकच, असे ती ओळ म्हणते. आणि जो कोणी दोन्ही भांडी पाहील त्याला ते तपासता येते, खोडताही येते. बीझली शब्दही तोलून वापरत. ‘याचे’, ‘याच्या धाटणीचे’, ‘याच्या जवळचे’, ‘याच्या कारखान्यातले’, ‘याचे अनुकरण’ या त्यांच्या पायऱ्या होत्या. त्या एकमेकींच्या जागी वापरायच्या नाहीत, असे त्यांनी बजावून ठेवले. खात्री किती आहे ते शब्दातच नोंदवून ठेवण्याचा हा प्रामाणिकपणा त्यांच्या पद्धतीचा कणा आहे.

क्लिओफ्रादीस चित्रकाराबाबत ही पद्धत कसाला लागली. बर्लिनमधल्या एका भांड्यावर ‘एपिक्तेतोस’ अशी सही वाचली गेली होती, आणि हेच या चित्रकाराचे खरे नाव, असे बीझलींसह अनेकांनी मानले. पुढे ती सही खरी नसून आधुनिक काळात घातलेली आहे, असे दिसून आले. नाव गळून पडले. पण हातांची जुळवाजुळव जागची हलली नाही, कारण ती त्या सहीवर उभी नव्हतीच. ट्रॉयची घागर रंगवणारा आणि इतर भांडी रंगवणारा माणूस एकच होता, हे तसेच राहिले.

मग या सगळ्याचा उपयोग काय? पहिला उपयोग कालगणनेचा. कोण कोणाचा शिष्य, कोण कोणाच्या कारखान्यात, कोणाची शैली तरुणपणाची आणि कोणाची उतारवयाची, हे लावता आले की भांड्यांचा क्रम लागतो. या क्रमाला काही पक्क्या खुंट्या आहेत: इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या लढाईत पडलेल्या अथेन्सकरांच्या समाधीतली भांडी, आणि ४८० मध्ये इराणी सैन्याने अथेन्सचा अक्रोपोलिस जाळला त्या थरातली खापरे. नाणी कुठेकुठेच मिळतात, खापरे सगळीकडे मिळतात. म्हणून काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर, सिसिलीत किंवा दक्षिण फ्रान्समध्ये एखाद्या थरात अथेन्सचे रंगीत खापर निघाले की त्या थराचा काळ साधारण एका पिढीच्या आत आणता येतो. खापर फुटते, पण कुजत नाही. इतिहासाचे ते न थांबणारे घड्याळ आहे.

दुसरा उपयोग व्यापाराचा. निकोस्थेनीस या कुंभाराने एट्रुस्कन लोकांच्या जुन्या घाटाचे घडे मुद्दाम बनवले. ते प्रामुख्याने इटलीत, विशेषतः चेर्वेतेरीला सापडतात. म्हणजे अथेन्समधला कारागीर समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाची आवड जाणून माल काढत होता. अनेक भांड्यांच्या बुडाखाली व्यापाऱ्यांनी ओरखडलेल्या खुणा आहेत. ब्रिटिश अभ्यासक ॲलन जॉन्स्टन यांनी १९७९ मध्ये त्या खुणांचा संग्रह प्रसिद्ध केला. कोणती खूण कोणत्या चित्रकाराच्या भांड्यांवर येते, हे पाहता येते ते आधी चित्रकारांची गटवारी झालेली होती म्हणून.

बीझलींचा प्रभाव त्यांच्या हाताखालून गेलेल्या आणि त्यांची वाट चोखाळणाऱ्या माणसांतही दिसतो. हम्फ्री पेन यांनी तीच नजर कोरिंथच्या भांड्यांकडे वळवली. १९३१ चा त्यांचा ‘नेक्रोकोरिंथिया’ हा ग्रंथ आजही पायाभूत मानला जातो. नेदरलँड्सच्या एमिली हास्पेल्स यांनी तेलाच्या उभट कुप्यांचा अभ्यास १९३६ मध्ये पुरा केला. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले आर्थर डेल ट्रेंडॉल दक्षिण इटलीतल्या ग्रीक वसाहतींच्या भांड्यांकडे वळले आणि तिथल्या निनावी हातांना त्यांनी याच रीतीने नावे दिली. ऑक्सफर्डमध्ये बीझलींकडे शिकलेले डीट्रिच फॉन बोथमर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ग्रीक विभाग सांभाळू लागले. पुढे जॉन बोर्डमन यांनी सुटसुटीत पुस्तके लिहून ही विद्या सामान्य वाचकांपर्यंत नेली.

अशीच एक वाट आपल्या देशातही निघाली, पण तिच्या स्वतःच्या उगमातून. पहाडी लघुचित्रे संस्थानांच्या नावांनी ओळखली जात. ब्रजेंद्रनाथ गोस्वामी यांनी १९६८ मध्ये मुंबईच्या ‘मार्ग’ नियतकालिकात मांडले की शैली संस्थानाची नसते, चित्रकारांच्या घराण्याची असते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे असतात तशा हरिद्वारच्या पंड्यांकडच्या वह्यांतून त्यांनी पंडित सेऊ आणि त्यांचे पुत्र माणकू व नैनसुख यांच्या घराण्याचा माग काढला. बीझलींच्या कारागिरांसाठी अशा वह्या नव्हत्या. त्यांची वंशावळ त्यांच्या रेषांतूनच वाचावी लागली.

इतक्या मोठ्या कामावर टीका झाली नसती तरच नवल. पॅरिसच्या अभ्यासकांनी वेगळा प्रश्न विचारला: कोणी काढले यापेक्षा, पाहणाऱ्याला त्या चित्रातून काय दिसत होते? मेजवानी, यज्ञ, लग्न, शिकार यांच्या चित्रांतून अथेन्सचा समाज स्वतःकडे कसा पाहत होता? १९८४ मध्ये याच विचारातून ‘चित्रांचे नगर’ अशा अर्थाच्या नावाचा एक गाजलेला ग्रंथ फ्रेंचमध्ये आला. इंग्लंडमधल्या मायकेल व्हिकर्स आणि डेव्हिड गिल यांनी १९९४ मध्ये आणखी घाव घातला. श्रीमंतांची खरी भांडी सोन्या-चांदीची होती आणि मातीची भांडी स्वस्त होती. त्यांच्या रंगाऱ्यांना रेनेसांसच्या महान चित्रकारांच्या पंक्तीला बसवून आपण चूक केली, असे त्यांचे म्हणणे.

या टीकेत तथ्य आहे. पण भांडे स्वस्त होते म्हणून त्यावरची रेषा हलकी ठरत नाही. नेपल्सच्या घागरीवरचा म्हातारा प्रायम कोणत्या किमतीला विकला गेला, याने त्याचे दुःख कमी होत नाही. आणि अथेन्सचा समाज चित्रांतून वाचायचा तरी कोणते चित्र आधीचे, कोणते नंतरचे आणि कोणत्या कारखान्याचे, हे माहीत असावे लागते. ‘कोणी काढले’ आणि ‘काय दिसत होते’ हे प्रश्न एकमेकांच्या आधारानेच उभे राहतात.

एक आक्षेप मात्र मनाला लागून राहतो. हाताला नाव मिळाले की बाजारात त्या नावाला भाव मिळतो. निनावी प्याल्यापेक्षा नामवंताचा प्याला महाग, आणि महाग म्हटले की रात्री थडगी फोडणारे आले. १९७२ मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने युफ्रोनिओसची सही असलेले मोठे भांडे दहा लाख डॉलरला घेतले. ते इटलीतल्या थडग्यातून चोरून काढलेले होते, आणि अखेर २००८ मध्ये ते इटलीला परत गेले. भांडे परत मिळाले. पण ते थडग्यात कुठे ठेवले होते, शेजारी काय होते, कोणाच्या उशाशी होते, हे ज्ञान कायमचे गेले. डोळा कितीही तयार असो, मातीतून उखडून आणलेल्या वस्तूची ती गोष्ट त्याला परत आणता येत नाही. हात ओळखणाऱ्या विद्येला उत्खननाच्या शिस्तीची जोड हवी, हा धडा या शाखेला फार मोठी किंमत देऊन मिळाला.

बीझलींची टिपणे आणि छायाचित्रे ऑक्सफर्ड विद्यापीठाने जतन केली. त्यांतून उभे राहिलेले बीझली अर्काइव्ह आज एक लाखाहून अधिक भांड्यांच्या नोंदी कोणालाही विनामूल्य पाहू देते. नव्या खापराची नोंद होते, जुने श्रेय कधी बदलते, एखादा चित्रकार दुसऱ्यात विलीन होतो. यादी अजून जिवंत आहे, कारण ती पहिल्यापासून दुरुस्तीला मोकळी होती.

त्या यादीत एक नोंद मला सगळ्यांत जवळची वाटते. १९६३ च्या ग्रंथात बीझलींनी एका हाताला ‘सर्वांत वाईट चित्रकार’ असे नाव दिले आहे. नाव कठोर आहे. त्याची रेषा डळमळीत आहे आणि आकृती ओबडधोबड आहेत. पण ते नाव देता येण्याआधी त्याचीही भांडी एकेक करून पाहावी लागली, त्याचाही हात इतरांहून निराळा काढावा लागला आणि त्याच्याही कामाची यादी लिहावी लागली. बर्लिन चित्रकारासाठी बसलेला माणूस याच्यासाठीही तितकाच वेळ बसला. केरामेइकोसमध्ये भट्टीच्या धगीशी पोटासाठी कुंचला चालवणाऱ्या त्या साध्या कारागिराचा हात त्यामुळेच आज अडीच हजार वर्षांनंतरही ओळखता येतो.